बाथरूमची गळती थांबून थांबून होत असेल तर फोडण्याआधी काय तपासावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदिरानगरमधील 14 वर्षे जुन्या पाच मजली इमारतीत आपण दुसऱ्या मजल्यावर राहता. आपल्या बाथरूमखालच्या घरात छताला ओल येते, चार-पाच दिवस थेंब पडतात, मग आठ-पंधरा दिवस छत कोरडे राहते आणि पुन्हा तेच सुरू होते. तीन प्लंबर येऊन गेले. पहिल्याने नळ बदलले, दुसऱ्याने टाइलच्या सांध्यांत व्हाइट सिमेंट भरले आणि तिसरा म्हणतो की सगळे बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग नव्याने केल्याशिवाय इलाज नाही. फोडावे का, असे आपण विचारले आहे.

आज तरी फोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नाशिकमध्ये गेली 26 वर्षे मी प्लंबिंगची कामे घेतो. सरसकट फोडलेल्या बाथरूमखाली, नवी फरशी बसून दोन महिने होतात न होतात तोच पुन्हा ओल आलेली मी अनेकदा पाहिली आहे, कारण पाणी कोणत्या वाटेने खाली उतरते हे फोडण्याआधी कुणी तपासलेलेच नव्हते. अखंड गळणारा पाइप कोणालाही सापडतो. थांबून थांबून होणारी गळती अवघड वाटते, पण तिची वेळ नीट टिपली तर जागा सापडायला तीच वेळ उपयोगी पडते. म्हणून कुठे गळते हे शोधण्याआधी केव्हा गळते ते पाहावे.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. खालच्या घरात ओल आलेल्या छतावर दिवा किंवा एक्झॉस्ट फॅनचे कनेक्शन असेल तर त्याचा एमसीबी (वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) आजच बंद करायला सांगावा. छत कोरडे दिसू लागले तरी इलेक्ट्रिशियनने पाहिल्याशिवाय तो चालू करू नये.

आता वेळेचा हिशेब. बाथरूममधले पाणी तीन प्रकारचे असते. पहिले दाबाखालचे, म्हणजे टाकीपासून नळापर्यंतच्या पाइपमधले. ते चोवीस तास पाइपमध्ये उभे असते, त्यामुळे तिथली गळती सहसा रात्री कुणी बाथरूम वापरत नसतानाही चालूच राहते. दुसरे सांडपाणी, बेसिन, कमोड आणि नहाणी ट्रॅपमधून (फरशीतल्या जाळीखालच्या पाणी जाण्याच्या भांड्यातून) ते वापर होईल तेवढाच वेळ वाहते. तिसरे फरशीवर आणि भिंतीच्या टाइलवर पडणारे पाणी. ते सांध्यांतून हळूहळू झिरपते आणि अंघोळीच्या सवयीप्रमाणे कमीजास्त होते. आपल्या छताचे चार-पाच दिवस ओले आणि आठ-पंधरा दिवस कोरडे असे चक्र आहे, म्हणून माझा पहिला संशय दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारावर जातो. पण संशयावर घण उचलायचा नसतो.

एक वही करावी. खालच्या घरी थेंबाखाली भांडे ठेवून रोज सकाळी आणि रात्री किती पाणी साचले ते मापाने लिहून ठेवायला सांगावे. आपण आपल्या घरी त्याच दिवसांची नोंद ठेवावी: किती जणांनी अंघोळ केली, शॉवर वापरला की बादली, वॉशिंग मशीन लागले का, बाथरूम घासून धुतले का, गिझर किती वेळ चालू होता, पाऊस पडला का, सोसायटीची मोटर केव्हा लागली. बारा-पंधरा दिवस हे काम कंटाळवाणे वाटेल, पण त्यातून जे कळते ते कोणत्याही यंत्राने कळत नाही. गोविंदनगरमधल्या एका घरी अशाच नोंदीत दिसले की खालचे छत दर सोमवारी-मंगळवारी ओले होते. त्या घरी रविवारी बाथरूम ब्रशने घासून बादल्या ओतून धुतले जाई आणि पाणी थेट दारापर्यंत येई. एरवी ते शॉवरच्या कोपऱ्यातच राही. दाराच्या ग्रॅनाइटच्या उंबरठ्याखाली बोटभर पोकळी निघाली. उंबरठा काढून पोकळी भरून तो पुन्हा बसवला, एवढेच काम झाले.

ओल रविवारची आणि थेंब सोमवारचे, हा फरक समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब मुद्दाम खाली घेतलेला असतो. त्याला संकन स्लॅब म्हणतात. त्या खोलगट भागात पाइप टाकून वर विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा ब्रिकबॅट कोबा भरतात व त्यावर फरशी बसवतात. हा भराव पाणी शोषून धरून ठेवतो. वरून झिरपलेले पाणी आधी त्यात साचते, पुरेसे साचले की स्लॅबच्या एखाद्या बारीक चिरेतून खाली उतरू लागते आणि वरचा पुरवठा थांबला तरी भराव रिकामा होईपर्यंत गळत राहते. आपल्याकडचे चार-पाच दिवस ओले असण्याचे चक्र कदाचित हेच आहे. म्हणूनच दुसऱ्या प्लंबरने सांधे भरल्यावर आठवडाभर छत कोरडे राहिले असेल तर तो त्या व्हाइट सिमेंटचा गुण असेलच असे नाही. छत नेहमीच्या क्रमाने कोरडे होण्याचीच ती वेळ असू शकते. दोन चाचण्यांमध्ये छत पूर्ण कोरडे होऊ द्यावे, नाहीतर आधीच्या चाचणीचे पाणी पुढच्या चाचणीच्या नावावर जाते.

चाचण्या सुरू करण्याआधी डोळ्यांना दिसणारे सगळे सांधे पाहून घ्यावेत: अँगल कॉक (भिंतीतून निघणारा छोटा बंद-चालू नळ), गिझर आणि बेसिनचे कनेक्शन पाइप, फ्लश टँकचा नट, बेसिनखालचे वेस्ट कपलिंग (बेसिनच्या भोकाचा जोड) आणि बॉटल ट्रॅप (त्याखालचे बाटलीसारखे भांडे). इथे हाताने चाचपून भागत नाही, कारण ओले-थंड बोट फसवते. प्रत्येक सांधा कापडाने कोरडा पुसून त्याभोवती वर्तमानपत्राच्या कागदाची दोन बोटे रुंद पट्टी गुंडाळावी आणि अर्धा तास थांबावे. त्या कागदावर पाण्याचा एक थेंबसुद्धा गडद डाग पाडतो. डाग पट्टीच्या वरच्या कडेला असेल तर पाणी वरून ओघळत आलेले आहे आणि सांधा निर्दोष आहे. डाग नटाच्या कडेपासून सुरू होऊन खाली पसरला असेल तर दोष तिथेच आहे. पाइपच्या पाठीमागून ओघळणारे पाणी सर्वांत खालच्या वळणावर येऊन टपकते आणि लोक ते वळणच बदलून टाकतात. म्हणून तपासणी नेहमी वरून खाली करत यावी.

बेसिन दोनदा तपासावे. एकदा नळ नुसता चालू ठेवून, आणि एकदा प्लग लावून बेसिन काठोकाठ भरून, ओव्हरफ्लोच्या छिद्रातून पाणी जाऊ देऊन मग एकदम सोडून. ओव्हरफ्लोच्या वाटेतली गळती वर्षातून चार-दोन वेळाच दिसते, कारण बेसिन तेवढे भरतेच क्वचित. कमोडवर बसून किंचित डोलून पाहावे. बैठक हलत असेल तर खालच्या जोडातले रबर जागेवर नसते आणि फ्लश केला की दर वेळी थोडे पाणी फरशीखाली जाते. फ्लश टँकमध्ये खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटे कुणी वापरू नये. भांड्यात रंग उतरला तर टँकच्या तळाचे वॉशर गेलेले आहे. ते पाणी गटारातच जाते, छतावर येत नाही, पण नासाडी मोठी होते.

आता दाबाची लाइन. आपल्या बाथरूमला स्वतंत्र व्हॉल्व्ह असेल तर तो बंद करून सगळे नळ उघडावेत. धार पूर्ण थांबली तरच व्हॉल्व्ह खरा बंद झाला असे समजावे, कारण जुने गेट व्हॉल्व्ह बंद करूनही थोडे पाणी सोडत राहतात आणि सगळी चाचणी फुकट जाते. छत कोरडे असताना व्हॉल्व्ह बंद करून दोन-तीन दिवस बादलीने पाणी आणून वापरले आणि तरीही खाली थेंब पडू लागले, तर कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेला, पाइप निर्दोष असण्याची शक्यता खूप वाढते. खात्री हवी असेल तर हातपंपाने दाबचाचणी करून घ्यावी. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण 1 किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. आपल्या इमारतीच्या टाकीचे पाणी दुसऱ्या मजल्यापासून साधारण 12 मीटर वर असेल, म्हणजे रोजचा दाब सव्वा किलोच्या आसपास आहे. गिझर वेगळा करून, सगळ्या नळांच्या जागी डेड प्लग, म्हणजे बुचे, लावून, लाइनमधली हवा सोडून मी 5 किलोपर्यंत दाब देतो आणि तासभर काट्यावर नजर ठेवतो. काटा स्थिर राहिला तर भिंतीतल्या त्या पाइपवर पुन्हा शंका घेण्याचे कारण उरत नाही. थंड आणि गरम लाइन वेगवेगळ्या तपासाव्यात.

गरम लाइनविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण थांबून थांबून होणाऱ्या गळतीचे कारण तिथे असेल तर ते चटकन लक्षात येत नाही. नाशिकच्या थंडीत रात्रीचे तापमान 10 अंशांखाली उतरते आणि सकाळी त्याच पाइपमधून 50-60 अंशांचे पाणी वाहते. सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा, 3 मीटर लांब पाइप 40 अंशांनी तापला की सुमारे 7 मिलिमीटर वाढतो आणि निवला की तेवढाच आखडतो. भिंतीत तो सिमेंटने जखडलेला असेल तर हा सगळा ताण एल्बोवर, म्हणजे वळणाच्या जोडावर, आणि पितळी थ्रेडच्या जोडावर येतो. तिथे केसाएवढी चीर असेल तर पाइप तापल्यावर ती उघडते आणि निवल्यावर मिटते, किंवा याच्या उलटही होते. अशी गळती सकाळी दोन तास दिसते आणि दुपारी प्लंबर येईपर्यंत नाहीशी होते. ही चीर बहुधा घट्ट आवळण्यामुळे पडलेली असते. प्लास्टिकच्या आतल्या आट्यांमध्ये टेफ्लॉन गुंडाळून धातूचा नळ पाना लावून जोराने फिरवला की फिटिंग आतून तडकते, पण गळायला महिने लागतात. म्हणून नळाच्या तोंडाशी पितळी आटे असलेलेच फिटिंग वापरावे, हाताने घट्ट करून वर पाऊण किंवा एक फेरा द्यावा आणि थांबावे. पाइप घेताना त्यावर आयएस 15778 हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला आहे की नाही हेही पाहावे.

गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडताना पाहून अनेक जण घाबरतात. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापले की सुमारे पावणेचारशे मिलिलिटरने वाढते. आत येणाऱ्या पाइपवर एनआरव्ही (पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) असेल तर त्या वाढीव पाण्याला मागे जायला वाट नसते, म्हणून ते व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. हे व्हायलाच हवे. त्या तोंडाला नळी जोडून ती नहाणीत सोडावी. तिथे बूच मारणे अत्यंत धोक्याचे आहे, हे मी प्रत्येक घरी बजावून सांगतो.

नळ बदलूनही काही दिवसांनी त्याच तोटीतून थेंब येत असतील तर नळाला दोष देण्याआधी पाणी पाहावे. पावसाळ्यात, किंवा जलवाहिनीचे काम होऊन पुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर, पहिले पाणी गढूळ येते आणि वाळूचा एखादा कण सिरॅमिक कार्ट्रिजच्या (नळाच्या आतल्या, पाणी बंद करणाऱ्या भागाच्या) चकत्यांमध्ये अडकतो. नळ कधी पूर्ण बंद होतो, कधी होत नाही. कार्ट्रिज काढून धुतले आणि तोंडाची जाळी साफ केली की बहुतेक वेळा काम होते. बोअरचे जड पाणी मिसळणाऱ्या सोसायट्यांत हेच क्षारांमुळे होते. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरांच्या वर पाणी जाते. आणि ते फरशीच्या एकाच सांध्यावर रात्रंदिवस पडत असेल तर ती तिसऱ्या प्रकारची गळती होते.

आता आपल्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी चाचणी. नहाणी ट्रॅपचे तोंड, गळ्यात आत खोल बसेल अशा रबरी प्लगने, किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ओले कापड घट्ट बांधून, बंद करावे. दाराशी पाणी अडेल असा मातीचा किंवा पुट्टीचा बांध घालून फरशीवर 25 मिलिमीटर पाणी साठवावे, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करावी आणि 24 तास बाथरूम वापरू नये. खाली ओल आली किंवा पातळी ठळकपणे उतरली, तर पाणी फरशीतून किंवा भिंतीच्या कडेच्या सांध्यातून जाते आहे. काही झाले नाही, तर छत कोरडे होऊ देऊन उलट चाचणी करावी: फरशी अजिबात ओली न करता, ट्रॅपच्या भोकात नळी खोलवर घालून रंग मिसळलेले आठ-दहा बादल्या पाणी सोडावे. खाली रंगीत थेंब आला तर दोष ट्रॅपमध्ये किंवा त्यापुढच्या पाइपच्या जोडात आहे. या दोन्ही चाचण्यांत काहीच आले नाही, पण रोजच्या अंघोळीत मात्र गळते, तर एकच जागा उरते: भिंतीच्या टाइल, विशेषतः शॉवरखालची आणि मिक्सरच्या (गरम-थंड पाण्याच्या नळाच्या) भिंतीलगतच्या चकत्यांमागची भोके. शॉवरची धार त्या चकत्यांवर पडते आणि मागे पोकळी असेल तर पाणी भिंतीत उतरते. तिथे सिलिकॉनची एक रेघ पुरते.

माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा दोष सापडतो तो ट्रॅपच्या गळ्याशी. गंगापूर रोडवरच्या एका घरात, साठवलेले पाणी रात्रभर टिकले आणि उलट चाचणीतही रंग आला नाही, तेव्हा घरच्यांना वाटले की आता सगळे फोडावेच लागणार. मी फक्त जाळीभोवतालच्या चार टाइल काढल्या. ट्रॅपचे वरचे तोंड फरशीपेक्षा दीड इंच खाली होते आणि मधली जागा नुसत्या सिमेंटने भरलेली होती. ते सिमेंट प्लास्टिकला चिकटून राहिले नव्हते. सुटलेल्या कडेत पोस्टकार्ड सहज जात होते. आमचा प्लग ती कड झाकूनच बसत होता, म्हणून पहिल्या चाचणीत काही दिसले नाही. आणि नळी थेट खोल घातल्यामुळे दुसऱ्यातही नाही. तेव्हापासून मी प्लग ट्रॅपच्या गळ्यात आत खोल बसवतो, म्हणजे साठवलेले पाणी त्या कडेलाही लागते. तिथे ट्रॅपला उंची देणारा तुकडा जोडला, भोवताली वॉटरप्रूफिंगचा थर देऊन फरशी लावली, आणि काम दोन फूट बाय दोन फुटांत आटोपले.

पावसाळ्यात ओल वाढत असेल तर बाहेरची भिंत आणि डक्ट (सगळ्या मजल्यांचे पाइप उतरतात तो उभा चौक) पाहावी. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याने येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती जास्त भिजतात. सिडकोतल्या एका इमारतीत रोज सकाळी साडेसहा ते सात या वेळातच ओल वाढे. टाकीचा बॉल कॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता नळ) बिघडून ओव्हरफ्लोचे पाणी डक्टच्या भिंतीवरून उतरत होते आणि तीच सोसायटीची मोटर लावण्याची वेळ होती. छतावर पांढरे ओघळ दिसले तर त्यावरून पाणी बोअरचे असा निष्कर्ष काढू नये. तो स्लॅबच्या सिमेंटमधला चुना असतो.

दुरुस्तीच्या बाबतीत दोन गोष्टींना माझा ठाम विरोध आहे. खालच्या छतात भोके पाडून केमिकल भरल्याने वरचे पाणी थांबत नाही. ते फक्त दुसरीकडून बाहेर पडते, आणि सळ्या आतून गंजत राहतात. टाइलच्या सांध्यांत नुसते व्हाइट सिमेंटही भरू नये, ते आखडून तडकते. जुने सांधे खरवडून, चार-पाच दिवस बाथरूम पूर्ण वाळवून एपॉक्सी ग्राउट (सांधे भरण्याचा रेझिनचा मसाला) भरावा. ओल्या सांध्यात भरलेला एपॉक्सी टिकत नाही.

खर्च कोणी करायचा हेही आपण विचारले आहे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या संडास-बाथरूम, सिंक यांच्यामुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाचा असतो, तर पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. डक्टमधला पाइप सापडला तर वहीतल्या नोंदी घेऊन सेक्रेटरींकडे जावे.

आणि जिथे कुठे फोडावे लागेल तिथे नवा जोड उघडा असतानाच 24 तास दाबाखाली ठेवावा, सांडपाण्याचा असेल तर भरून ठेवावा. मगच सिमेंट लावू द्यावे. त्याआधी भिंतीला मोजपट्टी लावून, पाइप जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते दिसेल असे फोटो काढून ठेवावेत, म्हणजे पुढे आरसा किंवा टॉवेलचा दांडा बसवताना त्याच पाइपमध्ये ड्रिल घुसणार नाही.